‘हैदराबाद’ स्क्वॉड्रनचा ब्रायन लाइटोलर

मागच्या बैठकीत चहाच्या वेळी आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी सहज प्रश्न टाकला. “निजामानं इंग्रजांना लढाईसाठी विमानं दिली होती म्हणतात. मग त्या विमानांचं पुढं झालं काय?” कुणी म्हणालं, असतील कुठं तरी पडलेली. कुणी म्हणालं, राजेरजवाड्यांचे शौक, त्यात काय एवढं? विषय तिथंच संपला असता. पण मला घरी आल्यावरही तो प्रश्न सुटेना, म्हणून शोधायला बसलो. विमानांचं काय झालं ते सापडलंच, शिवाय त्या शोधात एक मुलगा सापडला. विशीतला, इंग्रज, बाँबफेकी विमानाचा वैमानिक. हैदराबादशी त्याचा संबंध एवढाच, की तो ज्या स्क्वॉड्रनमधून उडाला तिच्या नावात आपल्या शहराचं नाव होतं. तेवढ्या धाग्यावरून त्याची ही हकीकत इथं मांडतोय.

विमानं कुणाची, पैसा कुणाचा

पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातल्या संस्थानिकांमध्ये मदतीची चढाओढच लागली होती. कुणी पलटणी पाठवल्या, कुणी इस्पितळी जहाज दिलं, कुणी रोख रक्कम. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले होते. हैदराबादचे घोडदळाचे स्वार पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होतेच. त्याखेरीज निजामानं बाँबफेकी विमानांचा एक अख्खा संच ब्रिटिशांना भेट दिला. ही विमानं होती ‘डी. एच. नाइन ए’ जातीची. दोन पंखांची, उघड्या बैठकीची, पुढं वैमानिक आणि मागं टेहळ्या अशी दोन माणसं नेणारी. प्रत्येक विमानावर ‘हैदराबादच्या निजामांची भेट’ अशा अर्थाचा मजकूर इंग्रजीत रंगवलेला होता. ही सगळी विमानं ज्या स्क्वॉड्रनला मिळाली ती ११० क्रमांकाची. तेव्हापासून तिचं नाव ‘११० (हैदराबाद) स्क्वॉड्रन’ असं पडलं आणि ते पुढं कायम राहिलं.

निजामाची भेट म्हटली तरी संस्थानाचा खजिना भरायचा कशातून, हे इथल्या जुन्या घराण्यांना सांगायला नको. मुख्य उत्पन्न जमीनमहसुलाचं, मग आबकारी आणि करोडगिरी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे, तसेच तेलंगणा आणि कानडी भाग, या सगळ्यांतला कुणबी हाली सिक्क्यात शेतसारा भरायचा. दरबाराच्या औदार्याखाली शेवटी ही अशी जमीन होती. परभणीच्या काळ्या रानात कापूस वेचणाऱ्या बाईला तिच्या शेतसाऱ्याचा आणि युरोपातल्या विमानाचा काही संबंध असेल असं स्वप्नातही आलं नसेल.

निजामाला याच्या बदल्यात काय मिळालं? १९१८ साली ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा किताब आणि ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ अशी पदवी. पण त्यांच्या मनातली खरी इच्छा वेगळी होती. ती म्हणजे वऱ्हाड परत मिळावा ही. १९२३ साली त्यांनी तशी रीतसर मागणी केली. १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं सार्वभौम सत्तेपुढं संस्थानिकाचा असा हक्क चालत नाही, असं स्पष्ट सुनावलं. विमानं गेली, वऱ्हाडही आला नाही.

१९१८ ची ती दोन महिन्यांची लढाई

११० स्क्वॉड्रन १ नोव्हेंबर १९१७ ला इंग्लंडमध्ये रेंडकोंब इथं उभी राहिली. ‘डी. एच. नाइन ए’ विमानं घेऊन फ्रान्समध्ये उतरलेली ही पहिलीच स्क्वॉड्रन. सप्टेंबर १९१८ च्या सुरुवातीला ती बेटॉनकोर्टच्या तळावर पोचली. ट्रेंचर्डच्या हाताखालच्या स्वतंत्र हवाई दलात तिचा समावेश होता. काम होतं दिवसाउजेडी थेट जर्मनीत घुसून मॅनहाइम, फ्रँकफर्ट अशा शहरांतल्या कारखान्यांवर आणि रेल्वेच्या जागांवर बाँब टाकायचं.

त्या काळचं उड्डाण म्हणजे काय होतं ते लक्षात घ्यायला हवं. बैठक उघडी, हजारो फुटांवरची बोचरी थंडी, सोबत लढाऊ विमानांचं संरक्षण नाही. आणि ब्रिटिश विमानांतल्या माणसांना पॅराशूट दिलेलीच नसायची. विमान पेटलं तर उडी मारायची सोयच नव्हती. नोव्हेंबरात युद्ध थांबेपर्यंत जेमतेम दोन-सव्वादोन महिने ही स्क्वॉड्रन लढली, पण तेवढ्यात तिचं अतोनात नुकसान झालं. एकेका मोहिमेत चार-चार, पाच-पाच विमानं परत येत नसत.

आमच्या सभासदांच्या प्रश्नाचं उत्तर इथंच मिळतं. ५ ऑक्टोबर १९१८ ला यातलं एक विमान जर्मनांच्या हाती पडलं. त्याचा क्रमांक एफ १०१०. आतली दोन्ही माणसं कैद झाली. जर्मनांनी ते विमान पुढं बर्लिनच्या विमान-संग्रहालयात ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बाँब पडू लागले तेव्हा संग्रहालयातली विमानं पूर्वेकडं पोलंडमध्ये हलवली. युद्धानंतर ते क्राकोच्या संग्रहालयात राहिलं. १९७७ साली ब्रिटिशांनी पोलंडला एक स्पिटफायर दिलं आणि त्याच्या बदल्यात हे विमान मागून घेतलं. आज ते लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे. निजामाच्या भेटीतलं एक तरी विमान असं शिल्लक राहिलं.

याच काळातली आणखी एक गोष्ट शेजारी ठेवून बघावी असं मला वाटतं. १९१८ चा ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडं ‘मानमोडी’चा, इन्फ्लुएंझाचा महिना. त्या वर्षी पाऊसही फसलेला. दख्खनभर गावागावांत रोज तिरड्या उठत होत्या. आणि त्याच महिन्यात ‘हैदराबाद’ नावाची विमानं ऱ्हाइन नदीच्या आसपास बाँब टाकत फिरत होती.

पुन्हा उभी राहिलेली स्क्वॉड्रन

युद्ध संपलं आणि १९१९ साली ही स्क्वॉड्रन मोडली. हिटलरच्या धास्तीनं ब्रिटननं पुन्हा हवाई दल वाढवायला घेतलं, तेव्हा मे १९३७ मध्ये ती परत उभी केली. नाव तेच, ११० (हैदराबाद). बोधचिन्हावर मुकुटातून वर येणारा वाघ. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये, ज्याचा अर्थ ‘मी भीत नाही आणि कुणाला तुच्छही लेखत नाही’. १९३८ पासून त्यांच्याकडं ब्लेनहाइम जातीची विमानं आली. दोन इंजिनांची, तीन माणसांची. एक वैमानिक, एक दिशा आणि नेम पाहणारा, आणि एक बिनतारी सांभाळणारा जो मशीनगनही चालवी. १९३९ च्या उन्हाळ्यात स्क्वॉड्रन पूर्व इंग्लंडमधल्या वॉटिशम या तळावर गेली. शेजारीच १०७ क्रमांकाची स्क्वॉड्रन होती.

या वॉटिशमच्या तळावर पायलट ऑफिसर हर्बर्ट ब्रायन लाइटोलर होता. पायलट ऑफिसर हा हवाई दलातला अधिकाऱ्यांचा सगळ्यात खालचा हुद्दा. घरात त्याला ब्रायनच म्हणत.

लाइटोलर हे आडनाव काही वाचकांना ओळखीचं वाटेल. ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा तिच्यावर सेकंड ऑफिसर असलेले चार्ल्स लाइटोलर, त्यांचा हा सगळ्यात धाकटा मुलगा. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे चार्ल्स लाइटोलर जहाजाबरोबर पाण्यात ओढले गेले, वर आले आणि उलट्या झालेल्या एका होडीच्या पाठीवर काही माणसांना तोल सांभाळत उभं ठेवून त्यांनी उजाडेपर्यंत तग धरला. वाचलेल्या अधिकाऱ्यांत ते सगळ्यात वरच्या हुद्द्याचे. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते. जुलै १९१८ मध्ये त्यांच्या ‘गॅरी’ या विनाशिकेनं एक जर्मन पाणबुडी धडक देऊन बुडवली. योगायोग बघा, त्या पाणबुडीचा क्रमांकही ११० च होता, यूबी-११०. पाण्यात पडलेल्या जर्मन खलाशांना त्या वेळी जी वागणूक मिळाली तिच्याबद्दल पाणबुडीच्या कप्तानानं पुढं गंभीर आरोप केले. थोर माणसाचं चरित्र लिहिताना अशा नोंदी गाळायची पद्धत आपल्याकडंही आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

निवृत्तीनंतर चार्ल्सनी एक जुनी मोटरबोट घेऊन ती दुरुस्त केली. सुमारे अठ्ठावन्न फूट लांबीची. त्यांची पत्नी सिल्व्हिया मूळची ऑस्ट्रेलियन, तिनं बोटीचं नाव ठेवलं ‘संडाउनर’. ऑस्ट्रेलियात भटक्या माणसाला तसं म्हणतात. १९३९ च्या जुलैत नौदलानं या म्हाताऱ्या जोडप्याला एक गुपित काम सांगितलं. सुट्टीवर निघालोय असं भासवून जर्मन किनाऱ्याची पाहणी करायची. दोघंही ‘संडाउनर’ घेऊन गेली आणि काम करून आली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्यांचा धाकटा मुलगा विमान घेऊन जर्मन किनाऱ्याकडं निघाला.

४ सप्टेंबर १९३९

३ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, ब्रिटननं युद्ध जाहीर केलं. त्याच दुपारी अँड्र्यू मॅकफर्सन नावाचा वैमानिक ब्लेनहाइम घेऊन टेहळणीला गेला. त्याला विल्हेल्म्सहाफेनच्या नाविक तळाजवळ जर्मन युद्धनौका दिसल्या. पण उंचावरच्या थंडीनं त्याची बिनतारी यंत्रणा गोठली आणि बातमी तो खाली उतरल्यावरच कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा गेला. हवा इतकी वाईट की अगदी खालून उडावं लागलं. त्यानं पाठवलेला संदेश तुटक-तुटक पोचला, नीट लागेना. शेवटी तो परत येईपर्यंत थांबावं लागलं. तोवर दुपार झाली होती.

हल्ल्यासाठी तीन स्क्वॉड्रनमधून पाच-पाच अशी पंधरा ब्लेनहाइम ठरली. ११०, १०७ आणि १३९. ढग खाली उतरलेले असल्यामुळं उंचावरून बाँब टाकणं शक्य नव्हतं. म्हणून ऐनवेळी विमानांतले बाँब बदलले. पाचशे पौंडी, पडल्यानंतर अकरा सेकंदांनी फुटणारे बाँब चढवले, म्हणजे खालून जाणाऱ्या विमानाला निसटायला वेळ मिळेल. हुकूम स्पष्ट होता. फक्त युद्धनौकांवर हल्ला करायचा, जमिनीवर बाँब टाकायचा नाही, नागरिकांना इजा होता कामा नये. १९१८ साली याच नावाची स्क्वॉड्रन शहरांवर बाँब टाकत होती आणि १९४३ पर्यंत हेच हवाई दल रात्रीच्या रात्री शहरं जाळणार होतं. पण सप्टेंबर १९३९ मध्ये, काही दिवसांपुरता, हा नियम मनापासून पाळला जात होता.

दुपारी चारच्या सुमाराला ११० ची पाच विमानं वॉटिशमहून उडाली. पुढारी होता फ्लाइट लेफ्टनंट केनेथ डोरान. ब्रायन लाइटोलर या पाचांपैकी एक. पुढं जवळजवळ पाचशे किलोमीटर उत्तर समुद्र. पावसाळी हवा, खाली पाणी, वर ढगाचं छत, मधल्या पट्टीतून उड्डाण. यातल्या एकानंही आजवर खऱ्या लढाईत बाँब टाकलेला नव्हता. १३९ स्क्वॉड्रनला तर लक्ष्य सापडलंच नाही, ती तशीच परतली.

डोरानची तुकडी मात्र जर्मन किनाऱ्यावर बरोबर पोचली. समोर ‘अ‍ॅडमिरल शेअर’ ही मोठी युद्धनौका नांगर टाकून उभी होती. ती इतकी बेसावध की डेकवर खलाशांचे धुतलेले कपडे वाळत घातलेले, असं डोराननं नंतर सांगितलं. तो थेट नौकेच्या अंगावर गेला. पहिल्या विमानांनी बाँब टाकले तेव्हा जर्मन तोफा धडपणे सुरूही झाल्या नव्हत्या. बाँब लागलेसुद्धा. निदान तीन बाँब ‘शेअर’वर आदळले. आणि एकही फुटला नाही! काही पोलादी डेकवरून उसळून समुद्रात गेले.

तोवर बंदरातली प्रत्येक तोफ जागी झाली. ११० च्या पाच विमानांपैकी चार परतली. जे परतलं नाही ते ब्रायन लाइटोलरचं. त्याच्याबरोबर त्याचे दोन्ही साथीदार गेले.

पाठोपाठ आलेल्या १०७ स्क्वॉड्रनचं तर कंबरडंच मोडलं. पाचांपैकी चार विमानं पडली. त्यांतलं एक ‘एम्डेन’ या जर्मन क्रूझरवर जाऊन कोसळलं. विमानाच्या वैमानिकाचं आडनावही एम्डेनच होतं. क्रूझरवरचे काही खलाशी त्यात मेले. त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी गेलेल्या वेलिंग्टन विमानांपैकीही दोन परतली नाहीत. एकूण सात विमानं गेली. ‘शेअर’ला ओरखड्यापलीकडं फारसं काही झालं नाही.

डोरान आणि मॅकफर्सन यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळालं, या युद्धातलं हे पहिलंच. नोव्हेंबरात खुद्द राजानं येऊन पदकं लावली. पण पुढच्या मे महिन्यात मॅकफर्सन मारला गेला आणि त्याआधीच डोरान नॉर्वेच्या मोहिमेत पडून जर्मनांचा कैदी झाला होता. पहिल्या हल्ल्याचे नायक वर्षभरही टिकले नाहीत.

जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा

इथपर्यंतची हकीकत लष्करी इतिहासाची. एका फसलेल्या हल्ल्यात एक तरुण गेला, अशा नोंदी त्या युद्धात पुढं हजारोंनी झाल्या. ब्रायनचं नाव मला त्या हजारोंतून वेगळं का आठवतं, ते आता सांगतो.

मे १९४० च्या अखेरीला ब्रिटिश सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला अडकलं. सैनिकांना काढून आणायला नौदलानं मिळतील त्या खासगी होड्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. ‘संडाउनर’लाही हुकूम आला. चार्ल्स लाइटोलर तेव्हा सहासष्ट वर्षांचे. बोट हवी असेल तर ती मीच नेईन, असं त्यांनी सांगितलं. सोबत मोठा मुलगा रॉजर आणि एक अठरा वर्षांचा पोरगा. १ जूनला ते डंकर्कला गेले. एकवीसच्या वर माणसं कधी न बसलेल्या त्या बोटीत त्यांनी जवळजवळ एकशे तीस सैनिक कोंबले. खाली, वर, न्हाणीघरात, जिथं जागा मिळेल तिथं. डेकवरच्यांना आडवं झोपायला लावलं, म्हणजे बोट कलंडणार नाही.

येताना वरून जर्मन विमानं बाँब टाकत होती आणि मशीनगन चालवत होती. लाइटोलर एका खास पद्धतीनं बोट हाकत होते. विमान सूर मारून खाली येऊ लागलं की घाई करायची नाही. वैमानिकाचा नेम पक्का होऊन त्याला आता वळता येणार नाही, त्या क्षणापर्यंत थांबायचं आणि मग एकदम सुकाणू फिरवायचं. विमान सरळ रेषेत पुढं जातं, गोळ्या पाण्यात पडतात. हे त्यांना कुणी शिकवलं होतं? ब्रायननं. घरी सुट्टीला आला की तो वडिलांशी विमानांच्या हल्ल्याच्या आणि हुलकावणीच्या डावपेचांवर बोलत बसायचा. तरुण पोराच्या आपल्या धंद्याबद्दलच्या गप्पा त्या. म्हाताऱ्या खलाशानं त्या ध्यानात ठेवल्या. एकही माणूस न गमावता ‘संडाउनर’ त्या रात्री रॅम्सगेटला पोचली. आपल्या धाकट्या मुलाच्या, त्याला स्वतःलाही ठाऊक नसलेल्या मदतीमुळं हे झालं, असं चार्ल्सनी पुढं लिहून ठेवलं.

विल्हेल्म्सहाफेनला ब्रायनच्या मरणानं काहीच साधलं नव्हतं. पण जेवणाच्या टेबलावर तो जे बोलून गेला त्यानं नऊ महिन्यांनंतर सव्वाशेच्या वर माणसं घरी पोचली.

२०१७ साली आलेला ‘डंकर्क’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात स्वतःची बोट घेऊन निघालेला एक वयस्क गृहस्थ आहे. त्याला शत्रूचं विमान कसं चुकवायचं ते माहीत असतं. कारण त्याचा मुलगा हवाई दलात होता आणि युद्धाच्या पहिल्याच आठवड्यांत गेला. चित्रपटात तो मुलगा लढाऊ विमानाचा वैमानिक दाखवलाय आणि नावंही बदलली आहेत. पण या कथेचं मूळ शोधणारे लाइटोलरांच्या घराशी येऊन थांबतात. अर्थात ‘हैदराबाद’ हा शब्द चित्रपटात कुठंच नाही.

लाइटोलरांच्या घराचं दुःख तिथं संपलं नाही. ‘संडाउनर’वर सोबत असलेला रॉजर पुढं नौदलात गेला आणि युद्ध संपायला दोन महिने उरले असताना, मार्च १९४५ मध्ये, फ्रान्सच्या किनाऱ्यावर ग्रानव्हिल इथं मारला गेला. चार्ल्स लाइटोलर डिसेंबर १९५२ मध्ये वारले. ‘संडाउनर’ रॅम्सगेटला अजून जतन केलेली आहे.

त्या दिवशी इथं काय चाललं होतं

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. निजामानं ब्रिटिशांना साथ द्यायचं ठरवलं यात नवल नव्हतं. पण संस्थानातल्या मराठी घरांतलं वातावरण काही वेगळंच होतं. १९३८ च्या अखेरीपासून इथं सत्याग्रह पेटला होता. स्टेट काँग्रेसवर बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थांसारखे नेते तुरुंगात गेले. ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठातली आणि औरंगाबादची मुलं बाहेर काढली गेली. आर्य समाजाचा सत्याग्रह १९३९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ब्रायन मरण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मागे घेतला गेला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या कित्येकांच्या अंगावर तेव्हा तुरुंगातून आल्याची धूळ ताजी होती.

त्यांना कुणी सांगितलं असतं, की तुमच्या शहराच्या नावाची विमानं आज ब्रिटिशांच्या या युद्धातल्या पहिल्या हवाई हल्ल्याला गेलीत, तर त्यांना अभिमान वाटला असता का? मला नाही वाटत. ‘कोणाचं हैदराबाद?’ असाच सवाल त्यांनी केला असता, आणि तो रास्त होता.

पुढचा इतिहास थोडक्यात. हैदराबादच्या देणगीतून आणखी दोन लढाऊ स्क्वॉड्रनना हे नाव मिळालं, १५२ आणि २५३ क्रमांकाच्या. बडोद्याच्या नावाचीही एक होती, १२४ क्रमांकाची. तिच्यावर आमच्या वडोदऱ्याच्या मित्रांनी लिहावं. ११० स्क्वॉड्रन १९४२ साली हिंदुस्थानात आली आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली, आधी व्हेंजन्स विमानांवर आणि मग मॉस्किटोंवर. म्हणजे जिचं नाव हैदराबाद, ती शेवटी हिंदुस्थानात पोचली, पण आसामच्या बाजूला. त्याच सुमाराला आपल्या बेगमपेठच्या विमानतळावर नव्या भारतीय वैमानिकांना टायगर मॉथवर पहिले धडे दिले जात होते. आणि सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस ॲक्शनच्या वेळी, भारतीय वायुदलाच्या टेम्पेस्ट विमानांनी निजामाच्या संस्थानातल्या विमानतळांवर बाँब टाकले. तीस वर्षांपूर्वी बाँबफेकी विमानं भेट देणाऱ्या दरबाराकडं त्या दिवशी लढाऊ विमानांचं दल नव्हतं. ११० स्क्वॉड्रन मात्र त्यानंतरही आग्नेय आशियात हेलिकॉप्टरं चालवत राहिली. १९७१ साली ती कायमची मोडली.

आपण कशाची आठवण ठेवायची

असा विषय मंडळात मांडला की दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक बाजू म्हणते, निजामानं आणि इंग्रजांनी काय केलं ते आपण कशाला आठवायचं? दुसऱ्या बाजूला हे सगळं संस्थानी वैभवाच्या खात्यात जमा करायचं असतं, बघा आपलं हैदराबाद कुठपर्यंत पोचलं होतं म्हणून. मला दोन्ही पटत नाहीत.

ब्रायन लाइटोलर निजामासाठी मेला नाही. हैदराबाद नकाशावर कुठं आहे हे तरी त्याला नीट माहीत असेल की नाही, कोण जाणे. परभणीचा कुणबीही त्याच्यासाठी शेतसारा भरत नव्हता. एका दरबारानं आपल्या फायद्यासाठी दिलेल्या भेटीमुळं या दोन अनोळखी माणसांची नावं एका दोरीत ओवली गेली. दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं. म्हणूनच आठवण ठेवायची तर दोघांची ठेवावी. फक्त वैमानिकाची ठेवली तर ते साम्राज्याचं स्मारक होतं. फक्त शेतकऱ्याची ठेवली, तर मेलेल्या एका तरुण पोराबद्दल आपण उगाचच कोरडे होतो. त्याच्या घरी आई होती, बाप होता, आणि त्याच्या बोलण्यातला शब्द न् शब्द त्या बापानं लक्षात ठेवला होता.

मंडळापुढं माझ्या दोन सूचना आहेत. दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण मुक्तिदिन साजरा करतो. त्याआधी पंधरा दिवस, ४ सप्टेंबरच्या जवळपासच्या बैठकीत, दोन्ही महायुद्धांत आपल्या भागातून गेलेल्या माणसांवर एक टिपण वाचलं जावं. लान्सर्समधले स्वार, पलटणीतले शिपाई, खेचरं हाकणारे, स्वयंपाकी, कारकून, कुणीही. आणि दुसरं म्हणजे, ज्यांच्या घरी जुन्या पेटीत लढाईच्या वेळची पत्रं, वर्गणीच्या पावत्या, पेन्शनचे कागद, फोटो पडून असतील त्यांनी ते फेकू नयेत. आम्हाला दाखवावेत, आम्ही नोंद करून परत देऊ. विमानावर रंगवलेलं नाव लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवलंय. आपल्याकडच्या माणसांची नावं मात्र बहुतेक त्या पेट्यांतच आहेत, आणि पेट्या दर दिवाळीच्या आवराआवरीत एकेक करून भंगारात जातायत.

ज्या सभासदांनी चहाच्या वेळी प्रश्न विचारला होता त्यांना मी हा लेख आधी वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “माझ्या आजोबांच्या सामानात एक वॉर फंडाची पावती होती बघ. शोधतो.”